एअरग्लोचे फोटो काढून भूचुंबकीय वादळाचा परिणाम कसा ओळखायचा: महाराष्ट्रातून करता येईल अशी पद्धत

मे २०२४ च्या १० तारखेच्या रात्री लडाखमधल्या हानलेहून उत्तर क्षितिजावर लाल प्रकाश दिसला, त्याचे फोटो सगळीकडे फिरले, आणि तेव्हापासून केपी इंडेक्स (भूचुंबकीय वादळ, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारी खळबळ, किती मोठं ते सांगणारा आकडा) ७ च्या वर गेला की लगेच विचारणा सुरू होते की आपल्याकडून ऑरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, दिसेल का. तर नाही दिसणार. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईतून ऑरोरा दिसल्याची नोंद आहे हे खरं, पण त्या तोडीच्या वादळाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा त्याच रात्री आपल्या डोक्यावर, साधारण २५० किमी उंचीवर जे घडत असतं ते बघा, कारण त्याचा परिणाम साध्या कॅमेऱ्यात येतो, फक्त तो ओळखता यायला हवा. आणि ओळखता येण्यासाठी एकच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, वादळ नसलेल्या रात्रीचे भरपूर फोटो तुमच्याकडे आधीच असले पाहिजेत. बाकी सगळं त्यानंतर.

आधी थोडक्यात, एअरग्लो म्हणजे काय. दिवसा सूर्याची अतिनील किरणं वरच्या हवेतले ऑक्सिजनचे रेणू फोडतात, अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात, आणि हे सगळं रात्रभर हळूहळू परत जुळत राहतं, त्यातून प्रकाश बाहेर पडतो. ऑरोराला बाहेरून येणारे कण लागतात, एअरग्लोला लागत नाहीत, तो दररोज रात्री पृथ्वीवर सगळीकडे असतो, अगदी कोल्हापूर-सांगलीवरसुद्धा. हिरवा प्रकाश ५५७.७ नॅनोमीटरचा, तो येतो ९५ ते १०० किमीवरून. पिवळा सोडियमचा, ५८९ नॅनोमीटर, ९० किमीच्या आसपास. हायड्रॉक्सिलचा सगळ्यात जास्त असतो पण तो बराचसा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात, ८७ किमीला. आणि लाल, ६३० नॅनोमीटर, २५० किमीच्या आसपासचा. आपल्याला वादळासाठी हा लालच हवाय.

का ते सांगतो, कारण हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. त्या उंचीवर ऑक्सिजनच्या अणूचे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) असतात, ते ऑक्सिजनच्या रेणूला भेटले की रेणूचा आयन तयार होतो, त्याला इलेक्ट्रॉन मिळाला की तो फुटतो, आणि सुटलेल्या अणूंपैकी काही उत्तेजित अवस्थेत राहतात, सरासरी ११० सेकंद, आणि मग लाल प्रकाश सोडतात. खाली दाट हवेत एवढा वेळ थांबायला मिळतच नाही, कुणीतरी येऊन धडकतं आणि प्रकाश न सोडताच ऊर्जा जाते, म्हणून लाल थर उंचावरच असतो. हिरव्याला पाऊण सेकंद पुरतो. आता मुद्दा असा की रेणू खाली जास्त असतात आणि वर कमी, म्हणजे आयनोस्फिअरचा (या आयन आणि इलेक्ट्रॉनांचा) थर खाली सरकला तर लाल प्रकाश वाढणार आणि वर उचलला गेला तर कमी होणार. थर वर-खाली कोण करतं, तर विद्युत क्षेत्र आणि वारा. आणि वादळात नेमकं हेच दोन्ही बदलतं.

म्हणजे आपल्या अक्षांशावर वादळ आलं म्हणून आकाश उजळलंच पाहिजे असं काही नाही, बऱ्याचदा ते चक्क काळवंडतं. हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण "आज केपी ७ होता आणि फोटोत लाल आलाय म्हणजे वादळच" असा सरळ हिशोब इथे चालत नाही.

आता जागा. काळोख हवाच, आणि अमावास्येच्या आसपासचे दिवस, पण त्यातही माझा आग्रह असा की उत्तर दिशा काळोखी असलेली जागा शोधा. कारण ध्रुव तारा. महाराष्ट्रातून ध्रुव तारा क्षितिजापासून साधारण १६ ते २२ अंशावर दिसतो (तुमचा अक्षांश तेवढीच त्याची उंची), आणि एअरग्लो फोटोत सगळ्यात ठळक येतो तो क्षितिजापासून १० ते २० अंशांच्या पट्ट्यात, कारण तिरकं बघितल्यावर थराचा जास्त लांब तुकडा नजरेत येतो, अगदीच खाली गेलं की धूळ आणि धुकं ते खाऊन टाकतं. म्हणजे ध्रुवाभोवतीचा आकाशाचा तुकडा बरोबर चांगल्या पट्ट्यात आहे, शिवाय तो जागचा हलत नाही, रात्रभर तेच तारे तिथेच गोल फिरतात, आकाशगंगेचा दाट पट्टा मध्ये येत नाही. त्यामुळे त्या तुकड्यातला लाल रंग कमी-जास्त झाला तर तो ताऱ्यांमुळे नाही, हवेमुळे आहे. मोजमापासाठी फुकटात मिळालेली याहून चांगली जागा नाही.

आणि अजून एक गंमत, म्हणजे मला तर ही गोष्ट फार आवडते. कोल्हापूरहून ध्रुवाकडे बघताना नजरेची रेघ २५० किमीचा लाल थर गाठते ती साधारण ६७० किमी उत्तरेला, म्हणजे दाहोद-झाबुआच्या वर! आणि हिरवा थर गाठते २९० किमीवर, म्हणजे संगमनेरच्या आसपास. एकाच फोटोत, एकाच पिक्सेलमध्ये, हिरवा रंग संगमनेरच्या डोक्यावरचा आणि लाल दाहोदच्या डोक्यावरचा. दाहोदचा हा पट्टा महत्त्वाचा आहे कारण विषुववृत्तावरून दिवसा वर उचललेला प्लाझ्मा (आयन आणि इलेक्ट्रॉनांचं मिश्रण) उत्तरेला आणि दक्षिणेला ओघळून जमा होतो आणि भारतात त्याचा उत्तरेकडचा उंचवटा साधारण गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात येतो. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीची माणसं माउंट अबूच्या गुरुशिखरावरून एअरग्लो बघतात त्याचं एक कारण हेच, उंचवटा जवळ आहे. आपल्याकडे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे, म्हणजे पनवेलच्या आयआयजीचे, ऑल-स्काय कॅमेरे कोल्हापूर-पन्हाळ्याला चाललेत, त्यामुळे या भागातल्या रात्री काय काय दाखवू शकतात यावर शास्त्रीय लेखनही झालंय.

जागा निवडताना नकाशावर उत्तरेला कुठलं शहर आहे ते बघा. भंडारदरा छान आहे पण बरोबर उत्तरेला नाशिक येतं. वेल्ह्याहून ईशान्येला पुण्याचा उजेड. विदर्भातल्यांना पेंच आहे, जानेवारी २०२४ मध्ये त्याला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालाय. कोकणात पश्चिमेला समुद्र म्हणून आकाश मस्त काळं मिळतं, मात्र एलईडी मासेमारीच्या बोटी क्षितिजावर असतील तर त्यांचा उजेड एअरग्लोसारखाच पसरट येतो, तेव्हा दोन-चार फ्रेम लागोपाठ बघून खात्री करा, बोटीचा उजेड क्षितिजाला चिकटून एका टोकातून वर निघतो, एअरग्लोचा पट्टा सगळ्या दिशांना सारखा पसरलेला असतो आणि त्यात लाटा सरकताना दिसतात. पातळ ढगाची शंका आली तर तारे बघा, ढगामागे तारे मंद होतात, एअरग्लोमागे होत नाहीत.

कॅमेरा कुठलाही चालेल ज्यात मॅन्युअल मोड आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आहे. १४ ते २४ मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर २.८ किंवा त्याहून मोठं, आयएसओ ३२००, एक्स्पोजर ३० सेकंद, मिनिटाला एक फ्रेम. आठ तासांच्या ४८० फ्रेम होतात, एक रॉ ३० एमबीची धरली तर १४-१५ जीबी, कार्ड तसं घ्या. इथे तारे थोडे लांबट आले तरी चिंता नको, आपण ताऱ्यांचे फोटो काढत नाहीये. फोकस हाताने ताऱ्यावर लावून टेपने चिकटवून टाका, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा ठरवलेली सेटिंग कुठल्याही रात्री बदलायची नाही, तीच लेन्स, तेच अ‍ॅपर्चर, तोच आयएसओ, तीच जागा आणि तीच दिशा, कारण आज आयएसओ ६४०० आणि पुढच्या महिन्यात १६०० असं केलं तर तुलना करायला काही उरत नाही. सह्याद्रीत पहाटे दव इतकं पडतं की लेन्स पांढरी होते, ड्यू हीटरचा पट्टा पॉवर बँकेला लावून सुरुवातीपासूनच चालू ठेवा, दव पडल्यावर पुसत बसलं की कॅमेरा हलतो आणि रात्रीची सलगता जाते.

साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे जो फिल्टर असतो तो ६३० चा काही भाग कापतो, त्यामुळे लाल कमी येईल पण येईल. अ‍ॅस्ट्रोसाठी मॉडिफाय केलेला कॅमेरा असेल तर उत्तम. अरुंद पट्ट्याचा ६३० चा फिल्टर घ्यायचा विचार असेल तर एक सांगतो, असे फिल्टर वाइड लेन्सच्या पुढे लावले की कडेच्या तिरक्या किरणांसाठी त्यांचा पट्टा निळ्याकडे सरकतो आणि मध्ये एक दिसतं, कडेला भलतंच. संशोधनाच्या कॅमेऱ्यात म्हणूनच आतमध्ये वेगळ्या लेन्स लावून किरणं सरळ करतात आणि मग फिल्टर येतो. आपल्यासाठी रॉ मधला लाल चॅनल पुरेसा आहे.

फोटो आले की सिरिलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रॉ उघडा, कसलंही ऑटो करू नका, चॅनल वेगळे करा. ध्रुवाभोवती समजा ५ अंशांचा चौकोन घ्या आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्या चौकोनाचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा, सरासरी नको, सरासरीत तारे आणि विमानं घुसतात. लाल आणि हिरवा असे दोन आकडे वेळेसमोर मांडले की रात्रीचा आलेख तयार. जवळच्या गावाचे दिवे अकरा-बाराला कमी होतात, तो उतार तिन्ही चॅनलमध्ये एकदम दिसतो, निळ्यातसुद्धा, त्यामुळे निळा चॅनल सोबत ठेवा, निळ्यात न दिसणारा आणि फक्त लालमध्ये दिसणारा बदल आपल्या कामाचा. लाटा आणि पट्टे बघायचे असतील तर मागच्या-पुढच्या तासाभराच्या फ्रेमची सरासरी काढून ती प्रत्येक फ्रेममधून वजा करा, जे स्थिर आहे ते जातं आणि हलणारं उरतं.

आता शांत रात्री. केपी दिवसभर २ च्या खाली राहिलेल्या रात्री शोधून प्रत्येक ऋतूतल्या जमतील तितक्या नोंदवा. काय दिसेल ते सांगतो. संध्याकाळी लाल बराच असतो, मग आयन संपत जातात तसा उतरत जातो. पण मध्यरात्रीच्या आसपास कधीकधी परत वाढतो, आणि इथेच बरेच जण फसतात. विषुववृत्ताजवळ मध्यरात्रीच्या सुमारास वरची हवा गरम होऊन वाऱ्याची दिशा पलटते, थर खाली ढकलला जातो आणि लाल प्रकाश वाढतो, याला वादळ लागत नाही. शिवाय फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्लाझ्मा बबल येतात, म्हणजे लाल थरात उत्तर-दक्षिण पसरलेल्या काळ्या पट्ट्या, पूर्वेकडे सरकणाऱ्या, साधारण १०० मीटर प्रति सेकंदाने. डोक्यावर असेल तर दहा मिनिटांत ६० किमी, म्हणजे तेरा-चौदा अंश, हात लांब करून मुठीने मोजलं तर दीडेक मूठ. टाइमलॅप्समध्ये ही सरक फार सुंदर दिसते. आणि हेही शांत रात्री होतं. म्हणून म्हणतो की आधी नेहमीचं काय ते माहीत पाहिजे.

मग वादळाची रात्र. तीन आकडे बघायचे. केपी जर्मनीतल्या पोट्सडॅमहून निघतो, दर तीन तासांचा, ० ते ९, ५ ला जी१ म्हणजे सगळ्यात लहान वादळ आणि ९ ला जी५ म्हणजे सगळ्यात मोठं. डीएसटी जपानमधल्या क्योटोहून, दर तासाचा, नॅनोटेस्लामध्ये, वजा जितका मोठा तितकं वादळ मोठं, -५० च्या खाली गेला की मध्यम वादळ, मे २०२४ ला तो -४०० च्या आसपास गेला होता. आणि बीझेड, सूर्याकडून येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण भाग, पृथ्वीपासून १५ लाख किमीवरच्या यानांकडून मिळतो, दक्षिणेला वळला की वादळाला तोंड फुटतं, आणि तिथून इथे यायला साधारण अर्धा ते एक तास. आपलं आदित्य एल१ जानेवारी २०२४ पासून त्याच भागात आहे आणि त्याच्यावरही मॅग्नेटोमीटर आहे. तिन्हीपैकी आपल्या कामाला बीझेड सगळ्यात जास्त उपयोगी, कारण केपी तीन तासांचा ढोबळ आकडा आहे आणि लाल थर मिनिटांत हलतो.

वेळ नीट जुळवा, हे सगळे आकडे युटीसीमध्ये असतात. १२ ते १५ युटीसी म्हणजे आपले संध्याकाळी ५:३० ते ८:३०, १५ ते १८ म्हणजे ८:३० ते ११:३०, १८ ते २१ म्हणजे ११:३० ते २:३०. शिवाय कोल्हापूरची खरी स्थानिक वेळ घड्याळाच्या ३३ मिनिटं मागे आहे, म्हणजे तिथली खरी मध्यरात्र साडेबाराच्या पुढे.

बीझेड संध्याकाळी दक्षिणेला वळला तर ध्रुवांकडचं विद्युत क्षेत्र थेट विषुववृत्तापर्यंत घुसतं आणि त्या वेळी ते पूर्वेकडे असतं, थर वर उचलतं, लाल कमी होतो आणि बबल तयार व्हायची शक्यता वाढते, अगदी एरवी बबल न येणाऱ्या महिन्यातसुद्धा. १७ मार्च २०१५ च्या वादळात हेच झालं, वादळाचा जोर आणि भारतातली संध्याकाळ एकत्र आली आणि तिरुनेलवेलीच्या नोंदीत थर नेहमीपेक्षा खूपच वर गेलेला सापडला. तोच बीझेड रात्री उशिरा वळला तर क्षेत्र उलटं, पश्चिमेकडे, थर खाली, लाल वाढतो. म्हणजे एकच वादळ, पण आठ वाजता आलं तर अंधार आणि दोन वाजता आलं तर उजेड. बीझेड परत झपकन उत्तरेला फिरला तर थोडा वेळ हेही उलटं होतं. म्हणून आलेखावर बीझेडची रेघ आणि तुमच्या लालची रेघ एकाखाली एक ठेवा, अर्ध्या-एक तासाचं अंतर धरून.

दुसरा परिणाम सावकाश येतो. ध्रुवांकडची हवा वादळात तापते, फुगते, तिथून वारे विषुववृत्ताकडे सुटतात आणि काही तासांनी ते स्वतःचं विद्युत क्षेत्र तयार करतात, पहिल्याच्या उलट दिशेचं. त्यामुळे वादळाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थर नेहमीसारखा वर जात नाही, बबल गायब होतात, आणि मग मध्यरात्रीनंतर, जेव्हा एरवी बबल सहसा दिसत नाहीत, तेव्हा तीन वाजताही ते दिसू शकतात. ही दुसरी रात्र लोक सोडून देतात कारण बातम्या थांबलेल्या असतात. सोडू नका, आणि जमलं तर तिसरीही घ्या, कारण वादळात वर नायट्रिक ऑक्साइड वाढतं, ते अवरक्त प्रकाश सोडून वरची हवा भराभर थंड करतं आणि कधीकधी ती वादळाआधीपेक्षाही विरळ होते.

ही फुगलेली हवा किती खरी आहे ते बघायचं तर फेब्रुवारी २०२२ चं उदाहरण पुरे. ३ तारखेला सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ उपग्रह कक्षेत टिकले नाहीत, २१० किमीवर होते आणि हवेचा अडथळा ५० टक्क्यांपर्यंत वाढला होता. वादळ तसं लहानच होतं. आणि ती उंची म्हणजे आपल्या लाल थराचा जवळजवळ तळच.

हिरव्याबद्दल जपून बोला. ९७ किमीवर खालच्या हवामानाचा, भरती-ओहोटीसारख्या वातावरणातल्या लाटांचा, ढगांच्या गडगडाटातून वर येणाऱ्या लाटांचा हात जास्त असतो, एका रात्रीत तो वादळाशिवायच दुप्पट होऊ शकतो. आपल्या अक्षांशावर हिरवा वाढला म्हणून वादळाच्या नावावर मांडू नका.

कुठली रात्र राखून ठेवायची याचा अंदाज बांधायचा तर दोन गोष्टी. विषुवाच्या महिन्यांत, मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला, वादळं जास्त होतात. आणि सूर्यावरच्या कोरोनल होलमुळे (जिथून सौर वारा जोरात सुटतो तो भाग) येणारं वादळ सूर्याच्या फिरण्यामुळे साधारण २७ दिवसांनी परत येतं, तेव्हा आज वादळ झालं असेल तर कॅलेंडरवर २७ दिवस पुढे खूण करा आणि त्या रात्री चंद्र कुठे आहे ते बघा, चंद्राचा महिनाही साडेएकोणतीस दिवसांचा असल्यामुळे आजची रात्र अमावास्येची असेल तर तीही बऱ्यापैकी काळोखी मिळते.

जमिनीवरचा पुरावाही जोडता येतो. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून चालू आहे, मुंबईत ट्राम विजेवर जाणार म्हणून कुलाब्याहून तिकडे हलवली होती, आणि त्याच कुलाब्याच्या कागदावर १८५९ च्या कॅरिंग्टन वादळात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेलीय. अलिबागचा त्या रात्रीचा आलेख मिळाला तर तो तुमच्या लाल रेघेखाली तिसरी रेघ म्हणून ठेवा. प्रत्येक रात्रीसाठी एकच वही किंवा एकच एक्सेल शीट, त्यात तारीख, युटीसी वेळ, जागा, सेटिंग, धुकं किती, केपी, डीएसटीचा नीचांक, बीझेड किती वाजता फिरला, आणि मूळ रॉ फाइल जपून, कारण जेपीजीवरून पुढे काहीच मोजता येत नाही.